लिफ्ट चालू ठेवा

हॉस्पिटलात तिला सगळे टपालताई म्हणत. ज्याने कोणी हे नाव पाडलं त्याला तिची टिंगल करायची होती, पण तिला ते आवडून गेलं आणि टिंगलीची हवाच गेली. एकविसाव्या वर्षी ती आवक-जावकच्या खिडकीवर बसली. आता पन्नाशी उलटली, तरी मुक्काम तिथेच. आधी कागदाची पाकिटं होती, शिक्के होते, महत्त्वाच्या पाकिटांवर लाखेची मोहोर होती. मग कागद आटला आणि ई-मेल आला. सर्व्हर सांभाळायला कोणी तयार होईना, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, “टपाल तुमचं, तर हेही टपालच,” आणि घोंगडं तिच्या गळ्यात पडलं.

पहिली काही वर्षं तिने ते जमेल तसं रेटलं. मग एका सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या फाटकाशी अकरा माणसं बॅगा घेऊन उभी राहिली. प्रत्येकाकडे नेमणुकीचं पत्र, हॉस्पिटलच्या पत्त्यावरून ई-मेलने आलेलं. आणि हॉस्पिटलने तर कोणालाच नेमलेलं नव्हतं. त्यातल्या एकीने आधीची नोकरी सोडली होती, तिच्या कडेवर तान्हं मूल होतं. ती बाई ओरडली नाही, रडलीही नाही. फक्त म्हणाली, “पत्ता तर तुमचाच आहे ना?”

त्या प्रश्नाने टपालताईची झोप उडवली. तिला कळलं, की पाकिटामागे कोणीही कोणाचंही नाव लिहावं, तसंच ई-मेलचंही असतं. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे नुसती शाई. पुढचे आठ महिने तिने अभ्यास केला. मुलीच्या जुन्या वह्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर टिपणं काढली, फोन करकरून लोकांना भंडावून सोडलं. आणि शेवटी तिने हॉस्पिटलच्या टपालाला नव्या जमान्याची मोहोर बसवली.

ती मोहोर अशी. दोन चाव्या असतात. एक गुप्त, सर्व्हरच्या पोटात. त्या चावीने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर आपोआप सही होते. दुसरी उघडी. ती डोमेनच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या इंटरनेटवरच्या पत्त्याच्या, नोंदींत, अगदी चव्हाट्यावर टांगलेली. जगात कुठेही बसून कोणीही ती घ्यावी आणि पत्रावरची सही ताडून पाहावी. पत्रातला एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला, तरी सही जुळत नाही. दर सहा महिन्यांनी ती दोन्ही चाव्या बदलायची. जुनी गुप्त चावी लगेच पुसायची, पण जुनी उघडी चावी आणखी तीन महिने टांगलेली ठेवायची, कारण माणसं पत्रं उशिरा उघडतात. हा नियम तिने स्वतः लिहिला होता आणि तेव्हाच्या प्रशासकांकडून मंजूर करून घेतला होता.

एवढं सगळं कशासाठी, हे तिच्या घरी कोणाला कळलं नाही. नवरा शाळेची बस चालवायचा. तो म्हणायचा, “तुझं काम म्हणजे ब्रेकसारखं. लागतो तेव्हाच आठवतो.”

आणि झालं ते ब्रेकवरूनच.

एका मंगळवारी दुपारी हॉस्पिटलची मागची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून निसटली आणि तळाशी आदळली. आत एकटी वॉर्डातली आया होती, सगळ्यांची मावशी. धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन ती वर चालली होती. चादरींवर पडली म्हणून जीव वाचला, पण उजव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. मावशी वेदनेने तळमळायची आणि शुद्धीवर असेल तेवढा वेळ लिफ्टच्या मिस्त्रीला शिव्याशाप द्यायची.

मिस्त्री एका छोट्या दुरुस्ती कंपनीचा माणूस, गेली नऊ वर्षं इथल्या लिफ्ट बघणारा. तो सांगत होता, “मी आधीच्या शुक्रवारी कळवलं होतं. ब्रेक झिजलाय, तीन दिवस लिफ्ट बंद ठेवा. साहेबांचाच उलट मेल आला, चालू ठेवा म्हणून.”

साहेब म्हणजे हॉस्पिटलचे प्रशासक. ते शांतपणे म्हणाले, “मेल मी पाठवला, हे खरं. पण मी ‘बंद ठेवा’ असं लिहिलं होतं. एक शब्द बदलायला कितीसा वेळ लागतो? छापील कागद काय, कोणीही आणेल.”

साहेबांच्या खात्यात तो मेल उरला नव्हता. खातं भरलं म्हणून जुनं सगळं काढून टाकलं, असं ते म्हणाले. सर्व्हरच्या नोंदवहीत मेल गेल्याची वेळ होती, चार वाजून बारा मिनिटं. मजकूर नव्हता. मिस्त्रीला कंपनीने घरी बसवलं. अपघाताची चौकशी करायला तिघांची समिती नेमली गेली आणि पाच आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी, तिची बैठक ठरली.

बैठकीच्या आधीच्या बुधवारी मिस्त्री टपालाच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात तोच छापील कागद.

“ताई, माझ्या बाजूने बोला असं नाही म्हणत मी. पण यातलं खरं-खोटं कळतं का हो कुठे?”

“कागदावरून नाही कळत,” ती म्हणाली. “मूळ मेल आहे का?”

त्याने लगेच फोनवरून तिला तो पुढे पाठवला. तिने दार लोटलं, मेल उघडला आणि सही तपासली. जुळली नाही. पुन्हा तपासली. पुन्हा तेच. मजकूर आणि सही यांचा मेळ नाही, एवढंच उत्तर.

मग बाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली, “मिस्त्री, खरं सांगा. यात काही बदललंत?”

मिस्त्रीचा चेहरा पडला. “म्हणजे तुम्हीसुद्धा?” एवढंच बोलून तो वळला आणि निघाला.

तो फाटकापर्यंत पोहोचेस्तोवर तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती तशीच धावत सुटली. “अहो थांबा! चूक माझी आहे. तुम्ही मेल पुढे ढकललात ना, तेव्हाच मोहोर फुटली. पाकीट फोडून चिठ्ठी दुसऱ्या पाकिटात घातल्यासारखं झालं ते. मला पाकिटासकट हवाय. मूळचा, जिथे पहिल्यांदा आला तिथला.”

“तो कंपनीच्या कॉम्प्युटरवर असेल. पण तिथे मला आत घेतील का?”

“मी येते,” ती म्हणाली.

गुरुवारी अर्धी रजा टाकून ती त्याच्याबरोबर कंपनीत गेली. शटर असलेली लांबट खोली, भिंतीला टेकवलेले लोखंडी दोर, ग्रीसचा वास. मालकाने आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाला, “हा निर्दोष ठरला तर आमचीही अब्रू वाचेल. घ्या काय घ्यायचं ते.” तिने कॉम्प्युटरवरचा मूळ मेल जसाच्या तसा, माथ्यावरच्या सगळ्या खुणांसह उतरवून घेतला. तिथेच स्टुलावर बसून हॉस्पिटलची उघडी चावी मागवली आणि सही ताडली.

जुळली.

मेलमध्ये दोनच ओळी होत्या. “लिफ्ट चालू ठेवा. सोमवारनंतर बघू.”

मिस्त्री तिच्या मागे उभा होता. तिचे ढिले पडलेले खांदे त्याने पाहिले असावेत, कारण तो मटकन जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

हॉस्पिटलात परतली तो साहेबांचा निरोप वाट बघत होता. साहेबांची खोली दुसऱ्या मजल्यावर. दाराशी त्यांचे लघुलेखक बसत, निवृत्तीला दीड वर्ष उरलेले, कधीच मोठ्याने न बोलणारे गृहस्थ. त्यांनी मान न उचलता तिला आत जायची खूण केली.

“बसा,” साहेब म्हणाले. “तुमच्या अधीक्षकपदाची फाईल टेबलावर आहे माझ्या. उशीरच झाला, नाही का? बरं, एक किरकोळ काम. सुरक्षेचा आढावा चाललाय. डोमेनमधली ती जुनी चावी कशाला लोंबकळत ठेवलीय? काढून टाका आजच.”

अपघाताच्या महिन्याची चावी तीच होती. त्यानंतर तिने नवी बसवली होती. ही जुनी काढली, की त्या दोन ओळींची सही जगात कोणालाच ताडता येणार नव्हती.

“साहेब, नियमाप्रमाणे अजून नऊ आठवडे ठेवायची आहे ती.”

“नियम तुम्हीच केलात ना? मग तुम्हीच बदला.”

“बदलते. लेखी आदेश द्या.”

“एवढ्याशा गोष्टीला लेखी?”

“टपालात आयुष्य गेलं, साहेब. कागद आल्याशिवाय हात हलत नाही.”

साहेब हसले. ते हसू नुसतं ओठांवरचं होतं. त्यांनी तिच्या फाईलवर हात ठेवला, ती बंद केली आणि ड्रॉवरमध्ये सारली. “या आता.”

ती बाहेर आली. लघुलेखक कीबोर्डवर हात ठेवून नुसते बसून होते, काहीच टाइप करत नव्हते.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो घास तसाच धरून बसला. मग म्हणाला, “अगं, पण त्या माणसाने तुला उद्या रेकॉर्ड रूममध्ये टाकलं तर?”

“टाकू देत.”

“टाकू देत म्हणणं सोपं आहे.” तो म्हणाला, “माझ्या बसमध्ये बेचाळीस पोरं असतात. ब्रेक गेलाय हे मी सांगितलं आणि वरून कोणी ‘चालव’ म्हणालं, आणि नंतर ‘मी म्हणालोच नाही’ असं म्हणालं, तर…” मग ताट पुढे सरकवून म्हणाला, “जेव आधी.”

शुक्रवारी दिवसभर ती दर पंधरा मिनिटांनी डोमेनच्या नोंदी बघत होती. चावी जागेवर. जेवणाच्या सुट्टीत, जागेवर. तीन वाजता, जागेवर. पाच वाजून चाळीस मिनिटांनी ती ओळ नाहीशी झाली होती.

तिने डोळे चोळले. पान पुन्हा उघडलं. नव्या चावीची ओळ होती, जुनीची नव्हती. डोमेनचा पासवर्ड तिच्याखेरीज एकाच ठिकाणी होता, साहेबांच्या तिजोरीत, तिनेच सही करून बंद केलेल्या पाकिटात. ती जिना चढून वर गेली. खोलीला कुलूप होतं.

ती पुन्हा जागेवर येऊन बसली. चावी तिच्या संग्रही होती. एका मिनिटात ती परत टांगता आली असती. हात माउसवर गेलाही. पण मग समितीसमोर साहेब म्हणाले असते, की बैठकीच्या आदल्या संध्याकाळी हिनेच हवी ती ओळ घुसवली. आणि नुसती प्रत दाखवली तरी तेच. तुमच्या खिशातली चावी, तुमचंच कुलूप. तिने हात मागे घेतला. नोंद किती वाजता नाहीशी झाली ते वहीत लिहिलं आणि घरी गेली. झोप कसली लागते!

पहाटे ती चूळ भरायला उठली आणि तशीच तोंडात पाणी धरून उभी राहिली. त्या महिन्यात त्याच मोहोरेने हॉस्पिटलातून काही ते एकच पत्र गेलं नव्हतं. हजारांनी गेली होती. आणि ती सगळी तिच्या हातांबाहेर, लोकांच्या घराघरांत पडून होती.

समितीच्या अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या, बुटक्याशा, कानाला यंत्र लावलेल्या. त्यांच्या एका बाजूला लिफ्ट तपासणीचे अभियंता, दुसऱ्या बाजूला बाहेरच्या हॉस्पिटलचे डॉक्टर. समोर साहेब, मिस्त्री, टपालताई आणि कोपऱ्यात नोंदी घ्यायला लघुलेखक.

टपालताईने मूळ मेल ठेवला, सही म्हणजे काय ते सांगितलं. अभियंत्यांनी तिथल्या तिथे आपल्या लॅपटॉपवर ताडून पाहायचा प्रयत्न केला आणि मान हलवली. “चावीच नाही सापडत.”

“काल संध्याकाळपर्यंत होती,” ती म्हणाली. “माझ्याकडे प्रत आहे.”

साहेब लगेच म्हणाले, “बाईंच्या खिशातली प्रत! उद्या मीही काहीतरी लिहून आणीन.”

“बरोबर आहे साहेबांचं,” टपालताई म्हणाली. तिने अध्यक्षांकडे वळून विचारलं, “बाई, त्या महिन्यात आमच्या रक्तदान शिबिराचं निमंत्रण आलं होतं का तुम्हाला? आम्ही शहरातल्या सगळ्या निवृत्त अधिकाऱ्यांना पाठवलं होतं.”

“आलं असेल. मी काही पुसत नाही. सून म्हणते, सगळा कचरा साठवता.”

“तो कचरा उघडा, बाई. तोही त्याच मोहोरेने गेलाय. माझी प्रत खोटी असेल, तर तुमच्या पत्राची सही तिच्याशी जुळणार नाही. तुमच्या खात्यात तर माझा हात पोहोचत नाही ना?”

अध्यक्षांनी चष्मा लावला. निमंत्रण शोधायला बराच वेळ लागला. त्या आठवड्यातली काही पत्रं बाहेरच्या सर्व्हरवरून, म्हणजे या मोहोरेविना, गेली होती, हे टपालताईला आत्ता आठवत होतं. हे त्यातलंच निघालं तर? अभियंत्यांनी पत्र उतरवून घेतलं, चावीची प्रत लावली.

“जुळतंय,” ते म्हणाले. मग त्याच चावीने मिस्त्रीचा मेल तपासला. ते वाचताना त्यांचा आवाज बदलला. “हाही जुळतोय. मजकुरात काडीचा बदल नाही. ‘लिफ्ट चालू ठेवा.’” मग त्यांनी टपालताईकडे रोखून पाहिलं. “गुप्त चावी मात्र तुमच्याच ताब्यात होती. खोटा मेल रचून सही तुम्हीच केली नसेल कशावरून?”

“हा मेल कंपनीच्या सर्व्हरवर शुक्रवारी चार वाजून बारा मिनिटांनी पोहोचला, त्यांची नोंद जोडली आहे. लिफ्ट पडली मंगळवारी. चार दिवस आधी मला कसं कळणार?”

अभियंत्यांनी ती नोंद पाहून मान डोलावली. पण प्रशासकांनी आता दुसरं दार शोधलं होतं. ते खुर्चीत सावरून बसले. “ठीक आहे. मेल माझ्या खात्यातून गेला. पण मी टाइप करत नाही. मी ‘बंद’ सांगितलं, यांनी ‘चालू’ टाइप केलं असेल. वय झालंय, कान जरा…”

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. खरं काढायला आपण आलो आणि गळा भलत्याचाच सापडला, असं टपालताईला वाटलं. अध्यक्षांनी तिलाच विचारलं, “हे सहीवरून सांगता येईल?”

खोटं बोलणं त्या क्षणी फार सोपं होतं. “नाही, बाई,” ती म्हणाली. “मेल आमच्या घरातून गेला आणि वाटेत बदलला नाही, एवढंच सही सांगते. बोट कोणाचं होतं, ते नाही सांगत.”

लघुलेखकांनी पेन खाली ठेवलं. उभे राहायला त्यांना थोडा वेळ लागला.

“बोट माझंच होतं,” ते म्हणाले. “साहेब दारात उभे होते, हातात गाडीची किल्ली. मी लिहिलेलं वाचून दाखवलं. मी म्हटलं, साहेब, मिस्त्री ब्रेकचं लिहितोय. सोमवारी पाहुणे मंडळी इमारत बघायला यायची होती. साहेब म्हणाले, जेवढं सांगितलं तेवढं पाठवा.” ते पुढे म्हणाले, “काल संध्याकाळी तिजोरीतलं पाकीटही मीच काढून दिलं. ते मात्र मी नको होतं द्यायला.”

“तुम्ही हे पाच आठवडे का नाही बोललात?” अध्यक्षांनी विचारलं.

“भ्यालो, बाई.”

साहेब काहीतरी बोलू लागले. अध्यक्षांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि म्हणाल्या, “तुमचं मी सावकाश ऐकेन. आधी यांचं लिहून होऊ दे.”

नंतरचं सगळं सावकाशच झालं. अहवाल यायला दोन महिने गेले. प्रशासकांना पदावरून दूर केलं गेलं आणि प्रकरण पुढे पोलिसांकडे गेलं. मिस्त्रीला कंपनीने परत कामावर घेतलं. लघुलेखकांनाही ठपका बसला आणि त्यांनी तो न कुरकुरता घेतला. वर्षभर आधीच निवृत्ती मागून ते घरी गेले. टपालताईची फाईल कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. नवे प्रशासक म्हणाले, नव्याने अर्ज करा. तिने केला नाही.

पण त्या शनिवारी दुपारी, बैठक संपल्या संपल्या, ती सरळ हाडांच्या वॉर्डात गेली. मावशी पाय वर टांगून पडली होती. टपालताई तिच्या उशाशी बसली आणि चाव्या, मोहोर काही न सांगता फक्त म्हणाली, “मावशी, मिस्त्रीने कळवलं होतं. आधीच. लिफ्ट बंद ठेवा म्हणून.”

मावशीने उशीवरून मान तिच्याकडे वळवली.

“आणि मी त्याच्या पोराबाळांपर्यंत पोचले गं शिव्या देताना,” ती म्हणाली. “कुठंय तो?”

“खाली आहे. वर यायला धजत नाही.”

“बोलाव त्याला.”

मिस्त्री आला तो दाराशीच थबकला. मावशीने त्याला जवळ बोलावलं, खाटेच्या कडेला बसायला लावलं. मग म्हणाली, “किती वाळलास रे. जेवतोस की नाही?”

त्यावर मिस्त्री लहान मुलासारखा रडू लागला, आणि मावशीने एका हाताने पायाची दोरी सावरत दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला. टपालताई उठून खिडकीशी गेली आणि पडदा नीट करत बसली, जरी तो नीटच होता.